उघड्या इंजिनाची पूजा

थोरल्या भावाने फौजेत पंधरा वर्षे गाड्या दुरुस्त केल्या आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो हवालदार म्हणून निवृत्त होऊन सांगलीला आला. विश्रामबागेत तो, वहिनी आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. दीड वर्ष त्याला काम मिळाले नाही. मग साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात मेकॅनिकची जागा निघाली. तिथल्या इंजिनिअरसाहेबांची सासुरवाडी आमच्याच गल्लीत होती. त्यांनी मुलाखत घेतली नाही. आपली जुनी मोटार आमच्या अंगणात आणून लावली. टायमिंगची साखळी झिजली आहे, ती बदला. दसऱ्याला सकाळी दहा वाजता गाडी न्यायला येतो. गाडी नीट चालली तर जागा तुमची, असे त्यांनी सांगितले.

इंजिनात एक लहान आणि एक मोठे दातेरी चाक असते. साखळी दोन्हींना जोडते, त्यामुळे पिस्टनची आणि झडपांची वेळ जुळते. एक-दोन दातांचा फरक पडला की इंजिन खोकते. चाकांवर जुळणीच्या खुणा असतात. या गाडीच्या दातेरी चाकांवर आधीच्या कुणा कारागिराने छिन्नीने आणखी तीन घाव घालून ठेवले होते, त्यामुळे खरी खूण ओळखता येत नव्हती. म्हणून खोलण्याआधी भावाने समोरासमोरच्या दोन दातांवर स्वतःची खूण केली. रंग नव्हता. वहिनीच्या करंड्यातले कुंकू इंजिन ऑइलमध्ये कालवून त्याने एकेक ठिपका दिला. फौजेतही असेच करत; तिथे रंग सरकारी असे.

नवी साखळी कोल्हापूरहून आली ती खंडेनवमीला, सकाळी अकराला. तोवर, भाऊ आंघोळीला गेलेला असताना, वहिनीने पूजा उरकली होती. पोत्यावर नट आवळायचे पाने, पक्कड, इंजिनातून काढलेली दोन्ही दातेरी चाके ओळीने मांडलेली, प्रत्येकावर हळदकुंकू, वर झेंडूचे फूल. उघड्या बॉनेटखाली कार्बोरेटर आणि बॅटरीही सुटली नव्हती.

वहिनी म्हणाली, "आवं, आता उद्यापातूर हात लावायचा न्हाई. हत्यारं पूजेला बसल्यात."

"साहेब धाला येनार हाय."

"मग पहाटं उठा."

भावाने वाद घातला नाही. पलटणीत हा नियम त्याने स्वतः इतरांकडून पाळून घेतला होता. दिवसभर तो गाडीभोवती फिरत राहिला. साखळी पुडक्यात होती.

दसऱ्याला उजाडताच वहिनीने हत्यारे हलवली आणि काम सुरू झाले. भावाने चाकांवरचे कुंकवाचे ठिपके समोरासमोर आणले. शेजारी हळद होती. आपल्या खुणेशेजारीच वहिनीने ती लावली, असे त्याला वाटले. साडेसातला, रेडिएटर न बसवताच, त्याने हँडल मारून पाहिले. कार्बोरेटरमधून ठसका आला आणि पुढे काही नाही. त्याने कव्हर पुन्हा काढले, ठिपक्यावर बोट घासले. बोटाला कोरडे कुंकू लागले, तेल नाही.

"ह्यो ठिपका माझा न्हाई."

वहिनीने शांतपणे खुलासा केला. पूजेला तेलकट वस्तू चालत नाही, म्हणून तिने सगळे रॉकेलने पुसून घेतले होते.

"माझा ठिपका बी पुसला?"

"कुक्कूच की दोनी. माझं ताजं हाय."

भाऊ पायरीवर बसला. मी विचारले की खुणेशिवाय हे पूर्वी केले आहे का.

"कवाच न्हाई. फौजेत खूण असती, न्हाईतर साहेब असतो."

मग तो उठला आणि माझ्या सायकलचा एक स्पोक काढून घेतला. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकातून स्पोक पिस्टनवर टेकवला आणि मला धरायला दिला. तो हँडल सावकाश फिरवी. स्पोक वर चढायचा थांबला, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचला, की मी सांगायचे. दोनदा मी उशिरा सांगितले. तिसऱ्यांदा जमले. वरचे झाकण काढून, मोठे चाक फिरवत त्याने त्याच सिलिंडरची एक झडप मिटताना आणि दुसरी उघडू लागताना पाहिली, तिथे थांबून साखळी चढवली. त्यानंतर ठिणगीची वेळ. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटला तारेने छोटा बल्ब जोडून त्याने तो तसूतसूने फिरवला. बल्ब लागला त्या जागी बोल्ट आवळला. रेडिएटर बसवून पाणी भरले. दहाला दहा कमी असताना हँडलच्या दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झाले. भावाने ते लगेच बंद केले आणि हात धुतले.

साहेब दहा मिनिटे उशिरा आले. त्यांनी बॉनेट उघडले. कार्बोरेटरवर हळदकुंकू, बॅटरीवर हळदकुंकू. त्यांनी तिथेच हात जोडले. हल्ली हे कोण करते, असे म्हणाले. यंत्राला देव मानणारा माणूसच त्यांना विभागात हवा होता. गाडी सोबत आलेल्या त्यांच्या मेहुण्याने सुरू केली. साहेबांचे तिकडे लक्ष नव्हते. परवा रुजू व्हा, असे त्यांनी सांगितले.

भावाने एकदा प्रयत्न केला. "साहेब, खूण गेलती, मग म्या..."

वहिनी आपट्याची पाने घेऊन पुढे आली आणि विषय संपला. नोकरी कुणामुळे लागली, हे तिने त्या दिवशी गल्लीत सर्वांना सांगितले.

पुढच्या खंडेनवमीआधी भावाने कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एक सूचना लावली. मजकूर मी लिहून दिला होता: पूजा सर्वांनी करावी. उघड्या इंजिनाची करू नये. साहेबांनी दुसरे वाक्य खोडून खाली सही केली.