राजांचे नेम आणि बाबांची संकष्टी

माझ्या सासऱ्यांना सुनेला 'नाही' म्हणता येत नाही. ऐकायला किती छान वाटतं! या एका गुणापायी जर्मनीतल्या एका जंगलात त्यांचा जीव जायची वेळ आली होती. आणि तो वाचवायचा तर माझ्याच लेकीच्या जिवाशी खेळावं लागेल, अशी त्या क्षणी माझी, चांगल्या शिकल्यासवरलेल्या बाईची, खात्री झाली होती.

आम्ही रेगेन्सबर्गला राहतो. नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी अकरा वर्षांची, आणि मी घरी बसून लिहिते. असं सांगितलं की लोकांना त्यातलं 'घरी बसून' एवढंच ऐकू येतं. त्या वर्षी मी मराठी मुलांसाठी युरोपातल्या राजांच्या आणि सरदारांच्या कथा लिहायला घेतल्या होत्या. म्हटलं, चिलखतं, भाले, घोडे, सोपं काम आहे. पण वाचत गेले तशी ती चिलखतं वरवरची निघाली. मध्ययुगातल्या कवींनी या कथा ख्रिस्ती दरबारांत रंगवून सांगितल्या, त्यात जर्मन कवीही होते, पण कथांच्या आतली हाडं कितीतरी जुनी, केल्ट लोकांची. हे केल्ट रोमनांच्या आधी इथेच, आमच्या डॅन्यूबकाठी राहत होते. त्यांच्या गोष्टी टिकल्या मात्र दूर पश्चिमेला, आयर्लंड आणि वेल्सच्या कोपऱ्यांत. सरदार ज्या पवित्र पेल्यामागे रानोमाळ हिंडतात, तो पेला आधी एक कढई होता म्हणे, कितीही वाढलं तरी न संपणारी. तळ्यातून तलवार देणारी बाई ही मुळात पाण्याची देवी असावी, कारण केल्ट लोक खरोखरच चांगल्या तलवारी नद्यांना अर्पण करायचे. राजाचं जमिनीशी लग्न लागलेलं असायचं, आणि त्याच्या अंगी व्यंग आलं की राज्य गेलं.

या सगळ्यात मला पछाडलं ते 'गेश'नं. गेश म्हणजे राजावर किंवा वीरावर घातलेलं बंधन. कुणाला सूर्योदयानंतर अंथरुणात राहायचं नाही, कुणाला अमुक प्राण्याचं मांस खायचं नाही, कुणाला पंगतीचं आमंत्रण मोडायचं नाही. पाळलं तर भरभराट, मोडलं तर सर्वनाश. आणि गोष्ट नेहमी तिथेच येऊन उभी राहते, जिथे दोन बंधनं एकमेकांच्या आड येतात. एक पाळायचं तर दुसरं मोडतं, आणि राजा मरतो. पुढे सरदारांच्या कथांत याचीच वचनं झाली. आधी शब्द देऊन बसायचं आणि मग काय मागितलंय ते ऐकायचं.

सासरे तेव्हा तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या नणंदेकडे राहिल्या. संध्याकाळी मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची. गेशचं ऐकून ते हसले.

"अगं, यात नवीन ते काय? आपण नेम म्हणतो."

"पण बाबा, नेम मोडला म्हणून आपल्याकडे कोणी मरत नाही."

"मोडून पाहिलाय कुणी?" ते म्हणाले, आणि चहाचा कप विसळायला उठले.

त्यांचा नेम मला ठाऊक होता. आमची मुलगी फार लवकर जन्मली होती. ती काचेच्या पेटीत होती, इतकी लहान की नर्स मला तिला हात लावू द्यायलाही घाबरत होती. तेव्हा पुण्यात सासऱ्यांनी गणपतीला नवस बोलला, की पोर जगली तर आयुष्यभर संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत पाण्याखेरीज काही घेणार नाही. पोर जगली. नुसती जगली नाही, आता घरभर दरवाजे आपटत फिरते. सासऱ्यांनी एकही संकष्टी चुकवली नाही. मला त्याचा राग यायचा, देवाशी असा सौदा करतात का म्हणून. पण 'सोडा आता तो उपास' असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. का नव्हतं, याचा विचार करायचं मी टाळत होते.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी बाबांना आणि मुलीला घेऊन निघाले. जवळच, डॅन्यूब आणि आल्टम्यूल मिळतात तिथल्या डोंगरावर, केल्ट लोकांच्या गावाची तटबंदी आहे. पुस्तकासाठी मला ती पाहायची होती. सकाळी ट्रेन गाठायची घाई. नवरा शिफ्टला गेलेला. मी सासऱ्यांच्या हातात त्यांची मधुमेहाची गोळी आणि पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गिळून टाकली. पोहे नको म्हणाले, "डब्यात दे, तिकडे खाईन."

त्या दिवशी संकष्टी होती. पुण्यात सासूबाई त्या सकाळी गोळी देतच नाहीत, डॉक्टरांनीच तसं ठरवून दिलेलं. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर कचऱ्याच्या गाडीचे वार असतात, तिथी नसतात. आणि बाबा बोलले नाहीत. घाईत असलेल्या सुनेला आणखी त्रास नको. तिनं हातात दिलेली गोळी परत कशी करायची? म्हणून गोळी घेतली. आणि नेम होता, म्हणून खाल्लं नाही.

डोंगरावर बीचची झाडं नुकती पालवलेली. तट आता उंच मातीच्या बांधासारखा दिसतो, वर झाडं, खाली पालापाचोळा. मुलगी बांधावर चढून पुढे पळत होती. मी बाबांना सांगत होते की याच्या आत लाकडाचे ओंडके आणि दगडांची भिंत आहे. ते उत्तर देत नव्हते. मी वळून पाहिलं तर ते एका मुळावर बसले होते. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता, आणि हवा तर गार होती.

"दमलात का?"

"ती पेटीत आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांचे हात थरथरताना दिसले. साखर उतरली होती. मी पिशवीत हात घातला. डबा तसाच होता, झाकण उघडलेलंसुद्धा नव्हतं.

"बाबा, तुम्ही खाल्लं नाही?"

"संकष्टी आहे," ते म्हणाले. एवढं मात्र अगदी स्पष्ट. "चंद्र नाही अजून."

दुपार होती. मे महिन्यात इथे संकष्टीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. मुलीच्या सॅकमध्ये सफरचंदाच्या रसाची बाटली होती. मी ती उघडून त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी दात घट्ट मिटले आणि मान फिरवली. एरवी इतका मऊ माणूस, माझा हात त्यांनी झटकला.

"नेम तिच्यासाठी आहे," म्हणाले. "पोरीसाठी. मोडू नकोस."

मी एकशे बाराला फोन लावला. पलीकडचा माणूस शांत होता, आणि त्याच्या शांतपणाचा मला संताप येत होता. जागे आहेत का? हो. गिळता येतंय का? हो. "आल्झो, मग साखर द्या, लगेच. गाडी निघाली आहे, पण जंगलात पोहोचायला वेळ लागेल."

"ते घेत नाहीत," मी जर्मनमध्ये म्हणाले.

"का?"

का ते मला कोणत्याच भाषेत सांगता येईना. मुलगी बांधावरून उतरून आली होती आणि माझ्या बाहीला ओढत विचारत होती, "ममा, वास हाट एर? ममा, त्यांना काय झालंय?"

आणि खरं सांगते, माझा हात थांबला. बाटली हातात, सासऱ्यांची नजर विरत चाललेली, आणि मी थांबले. कित्येक महिने मी त्या राजांच्या गोष्टी लिहीत होते. त्यांतला एकही राजा बंधन मोडून सुटलेला नव्हता. त्या प्रत्येक गोष्टीखाली मी हुशारीनं लिहिलं होतं की ही त्या काळची समजूत. आणि आता माझ्या डोळ्यांसमोर काचेची पेटी होती. मला भीती वाटली, आणि ती सासऱ्यांच्या जिवाची नव्हती. मुलगी शेजारी उभी होती, तिच्या शूजची नाडी सुटली होती, आणि मला वाटलं, हा रस त्यांच्या पोटात गेला की हिला काहीतरी होईल.

मग बाबांची मान कलली आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला.

"अहो बाबा!" मी ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्यावर आवाज चढवायची ती पहिलीच वेळ. "माझ्याकडे बघा! नवस तुम्ही बोललात, पण पोर माझी आहे. हा मी मोडतेय, तुम्ही नाही. गणपतीला सांगा, सुनेनं मोडला. जे काय व्हायचं ते मला होऊ दे. प्या!"

मी त्यांची हनुवटी धरली. अर्धा रस शर्टवर सांडला. मग एक घोट गेला. दुसरा गेला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. प्यायले मात्र सगळं.

ॲम्ब्युलन्सचे मदतनीस आले तेव्हा बाबा मला नावानिशी ओळखत होते. बोटाला सुई टोचून आकडा पाहिल्यावर मदतनीसांतला एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "गेनाऊ रेष्टत्साइटिष." अगदी वेळेवर. गोळीचा अंमल उतरत नाही तोवर हॉस्पिटलात ठेवावं लागलं. नवरा कारखान्यातून थेट तिथे आला. घरी परतताना मुलीनं त्याला गाडीत सगळं सांगितलं, जर्मनमध्ये, भराभर. आजोबा माझ्यासाठी जेवत नाहीत हे मला कुणी सांगितलं का नाही, असं तिनं मला विचारलं.

बाबा घरी आले. डॉक्टरांनी उपास बंद केला होता. ते मुकाट्यानं तीन वेळा जेवत. पण मुलगी सायकल काढायला गेली की खिडकीशी जाऊन उभे राहत. रस्ता ओलांडताना तिचं मनगट धरत, आणि ती ओशाळून सोडवून घेई. मी लिहायचं थांबवलं. गेशचं प्रकरण उघडलं की शेवटी तो राजा मरायचाच.

जूनमध्ये तिच्या वर्गाची सहल निघाली, नदीवर होड्या वल्हवायला. मी परवानगीची सही केली, कारण नाही म्हणायला कारण देता येईना. ती सकाळी गेली. दिवसभर मी घर झाडलं, कपाटं आवरली, खिडक्या पुसल्या. संध्याकाळी सहाला बस येणार होती. सहा वाजून गेले, साडेसहा झाले. शिक्षिकेचा फोन लागेना. नवरा म्हणाला, "श्टाऊ असेल गं हायवेवर, गाड्या तुंबल्या असतील, शुक्रवार आहे." मी त्याच्या अंगावर खेकसले. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून होते. ते फोनकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

सात वाजता शिक्षिकेचा निरोप आला. गर्दीत अडकलो, सगळी मुलं ठीक आहेत, अर्ध्या तासात पोहोचतो. नवरा तिला आणायला निघाला. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

बाबा मागोमाग आले. त्यांनी ताट घेतलं, स्वतःच्या हातानं भात वाढला, वरण वाढलं, तूप घातलं, आणि ते ओट्यावर माझ्यासमोर ठेवलं.

"सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस," ते म्हणाले. "पाणी तेवढं पीत होतीस. मी पाहतोय."

मी काहीतरी बोलायला गेले. भूक नव्हती, वेळ नव्हता, असलं काहीतरी.

"खा," बाबा म्हणाले. "तिला घरी यायला तुझा उपास लागत नाही."

मी उभ्या उभ्याच पहिला घास घेतला, आणि तो गिळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.