आधी त्यांचं होऊ द्या

टीव्हीवर एक अक्षरही न बोलता प्रसिद्ध झालेला राजकीय विश्लेषक साऱ्या देशात एकच निघेल, आणि तो आरमोरीत माझ्या औषधाच्या दुकानामागच्या गल्लीत राहायचा. गावात त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि सुट्टी लागली की स्कूटर काढून पार जंगलातल्या गावांत जायचे. तिकडच्या काही गावांत ग्रामसभेत मतदान होत नाही. यंदा बांबू तोडायचा की राखायचा, यावर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. एकाचा जरी नकार असला तरी पुन्हा बसायचं, आणि दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. सर या पद्धतीचा अभ्यास करायला गेले आणि त्यांना तिची लागणच झाली. तिथली माणसं सभा संपली की मोहफुलं वेचायला मोकळी व्हायची. सर मात्र सभा घरी घेऊन यायचे.

घरात फ्रीज घ्यायचा विषय त्यांनी होळीच्या सुमारास मांडला. वहिनींचा होकार होता, मुलीचा होकार होता, पण तेव्हा त्यांच्याकडे राहायला असलेल्या सासूबाईंचा नकार होता; फ्रीजमधल्या पाण्यानं घसा बसतो असं त्यांचं म्हणणं. दुसरा जावई असता तर दुकानात जाऊन फ्रीज घेऊन आला असता. सर दर रविवारी सासूबाईंसमोर बसून त्यांचा घसा समजून घ्यायचे. अखेर एकमत झालं आणि फ्रीज घरात आला, तेव्हा आम्ही सगळे अंगणात शेकोटीभोवती बसलो होतो. एकदा त्यांच्या भाच्याच्या लग्नाला आम्ही दोघं घुग्घुसला गेलो. स्कूटर त्यांच्याकडे होती. चौकात कोळशाच्या ट्रकांची रांग लागलेली. मी मागून ढोसतोय, "घुसवा न सर!" आणि सर पाय टेकवून शांत उभे. "त्याइचं आधी होऊ द्या भाऊ, ते पहिले आले." कोळशाचे ट्रक कधी संपतात का? आम्ही मांडवात पोचलो तेव्हा नवरी सासरी निघाली होती आणि आम्हा दोघांचेही चेहरे असे काळे झाले होते की भाच्यानं मामाला ओळखलंच नाही.

अशा माणसाला निवडणुकीच्या दिवसांत एका वाहिनीनं चर्चेला बोलावलं. त्यांना जंगलपट्ट्यातला जाणकार हवा होता. सरांच्या घरी नेटवर्क नाही, म्हणून बैठक माझ्या दुकानात. मी खोकल्याच्या औषधांची रांग नीट लावली, गॅसच्या गोळ्यांची जाहिरात उलटी केली आणि सरांना मोबाइलसमोर खुर्चीवर बसवलं. पडद्यावर चौघं-पाचजण एकमेकांवर तुटून पडले होते. निवेदकानं विचारलं, "सर, तुमचं मत?" सर म्हणाले, "मला असं वाटतं..." आणि तेवढ्यात तिघं मध्ये घुसले. सर थांबले. मान डोलावत ऐकत राहिले. कार्यक्रम संपेपर्यंत ऐकत राहिले. शेवटी हात जोडून त्यांनी नमस्कार केला, एवढंच त्यांचं भाष्य.

मी तर कपाळाला हात लावला. "काऊन जी सर, काहीच नाई बोलले?"

"त्याइचं झालंच नव्हतं न भाऊ," सर म्हणाले, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात बायामाणसं सरांना अडवून सांगू लागली, "एवढ्या कल्ल्यात तुम्ही एकलेच ऐकून राह्यले होते जी!" तो मान डोलावण्याचा तुकडा मोबाइलवरून राजुऱ्यापर्यंत फिरला. वाहिनीनं पुन्हा बोलावलं, मग पुन्हा. सर दर वेळी तितकंच मन लावून गप्प बसले आणि त्यांचं नाव होत गेलं.

मग वाहिनीनं विचारलं, मुंबईला येता का? रोजची खुर्ची देऊ. सरांना स्वतःसाठी त्याचं काही नव्हतं, पण वहिनींचा जीव टांगणीला लागला. मुलगी मुंबईत, तिचे दिवस भरत आलेले, जवळ माणूस नाही. वहिनींना तिकडे जायचं होतं आणि सरांना इथे एकटं सोडायचं नव्हतं. हे वरण गॅसवर ठेवून सभेला जातील, अशी त्यांना भीती. वाहिनीची अट मात्र एकच होती. पुढच्या चर्चेत सरांनी बोललं पाहिजे, मध्येच बोललं पाहिजे, जोरात बोललं पाहिजे.

शिकवणी अर्थात माझ्याकडे लागली. मध्येच बोलण्यात मला तालुक्यात तोड नाही. मी म्हणायचं, "यंदा धानाले..." आणि सरांनी ओरडायचं, "थांबा!" ते डोळे गच्च मिटून ओरडायचे, आणि लगेच ओशाळून म्हणायचे, "नाई भाऊ, तुमचं होऊ द्या आधी." हळूहळू जरा जमू लागलं. इतकं जमलं की एक बाई तापाच्या गोळ्या मागायला आली, तर सर तिच्यावर कडाडले, "साफ चूक!" ती बिचारी घाबरून म्हणाली, "मंग कोन्त्या घ्याच्या जी?" सरांनी तिची माफी मागितली, तिच्या तापाची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि तिला घरापर्यंत सोडून आले.

परीक्षेच्या दिवशी वहिनी काउंटरमागे देवाचं नाव घेत बसल्या होत्या. पडद्यावर नेहमीचा गदारोळ. मी हातवारे करून थकलो. वहिनींनी पदराचं टोक दातात धरलं. आणि सरांनी श्वास घेतला, डोळे मिटले आणि गरजले, "थांबा!"

खरोखर सगळे थांबले. निवेदकसुद्धा. सरांनी डोळे उघडले. आता बोला, आता बोला, असं मी मनात ओरडत होतो.

"त्या कडेच्या ताई कधीच्या बोलाचं म्हणून राह्यल्या," सर हळूच म्हणाले. "कोणी बोलूच देऊन नाई राह्यलं. आधी त्यांचं होऊ द्या."

त्या ताई बोलल्या. मग सरांनी दुसऱ्याला विचारलं, तोही नीट बोलला. एकेक करून सगळे बोलले, आणि सरांची पाळी येईपर्यंत वेळ संपला. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मुंबई गेली, असं धरून आम्ही शटर ओढलं.

सकाळी वाहिनीचा फोन आला. सर, वादात बसू नका, म्हणाले; या आणि चर्चा तुम्हीच चालवा. वहिनी रडता रडता इतक्या हसल्या की शेजारची माणसं पाहायला आली.

आता सर रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसतात. त्यांचं स्वतःचं मत काय, ते महाराष्ट्राला अजून कळलेलं नाही. नात झाली आहे आणि ती मोठ्यानं रडते, तिलाही ते पुरतं रडू देतात, असं वहिनी सांगतात. रविवारी सरांचा फोन येतो. "बोला भाऊ," म्हणतात आणि गप्प होतात. मग मी बाजारातलं सांगतो, कॉलेजातलं सांगतो, गल्लीतलं सांगतो. ते सगळं ऐकतात. फोन ठेवल्यावर दुकान एकदम रिकामं वाटतं, आणि मग ध्यानात येतं की सरांना तिकडे करमतं का, हे विचारायचं आजही राहून गेलं.