एका ओळीतला नंबर

शेवटचं भेटलो तेव्हा महालिंग आणि मी भांडलो. माजलगावात कापडदुकानाच्या माडीवर आमचं दोघांचं ऑफिस; साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहायचं काम. मला घाई होती, म्हणून एका कारखान्याच्या स्क्रिप्टमध्ये लायब्ररीची, म्हणजे आयत्या कोडच्या संचाची, नवी आवृत्ती थेट लिहून टाकली. महालिंगनं खुर्ची माझ्याकडे फिरवली. "अगं बाई, किती येळा सांगू? सामाईक फाइलीत लिही. एकदाच!" "तुझ्या त्या फाइलीची पूजाच घाल एकदा," मी म्हणाले. हसला, डबा उचलला, गेला. त्याच रात्री छातीत कळ आली म्हणून स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेला आणि... गेलाच. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. असं कुणी जातं का?

ती फाइल म्हणजे त्याचा जीव की प्राण. प्रत्येक कारखान्याचा प्रोग्रॅम वेगळा आणि तो तयार करणारी स्क्रिप्टही वेगळी. कुठली लायब्ररी, तिची कुठली आवृत्ती, अडचण आली तर फोन कुणाला, हे पूर्वी आम्ही प्रत्येक स्क्रिप्टमध्ये पुन्हापुन्हा लिहायचो. एकदा आवृत्ती बदलली आणि आष्टीकडच्या एका काट्याची स्क्रिप्ट राहूनच गेली. काटा बंद, उसाच्या गाड्यांची ही रांग, ऊसतोडीचे टोळीवाले शिव्या देतायत. महालिंग मोटारसायकल काढून गेला, आणि परत आला तो ही फाइल डोक्यात घेऊनच. त्याच्या वडिलांचं, आप्पांचं, किराणा दुकान. म्हणाला, "आप्पा गुळाचा भाव एकाच पाटीवर लिव्हतेत. हरेक ढेपेवर लिव्हत बसले तर एखादी ढेप जुन्याच भावानं जाईल की!" तेव्हापासून सगळ्या स्क्रिप्ट त्या एकाच फाइलीतून वाचायला लागल्या. मदतीचा नंबर त्यात त्याचाच; तोच प्रत्येक काट्याच्या पडद्यावर दिसायचा.

तो गेला आणि फोन आप्पांकडे राहिला. हंगाम सुरू झाला. एका काट्यावरच्या ऑपरेटरनं कुठूनतरी माझा नंबर मिळवला. "मॅडम, सकाळधरनं साहेबांची वाट बघायलोय. त्येंचे वडील म्हणले, बाहेर गेलाय, आला की सांगतो."

दुकानात गेले. कपाळाला विभूती लावून आप्पा गल्ल्यावर बसलेले, फोन तागडीशेजारी. मी तोंड उघडायच्या आत तो वाजला. "हां, म्हालिंगचा बाप बोलतोय. बाहेर गेलाय वो. आल्यावर सांगतो की!" केवढ्या उमेदीनं बोलत होते! ठेवला आणि मला म्हणाले, "समदे इचारतेत त्याला. लई फोन येतेत." उगीच पावशेर शेंगदाणे घेतले आणि परत आले.

पण तिकडे गाड्या खोळंबल्या होत्या. ऊस वाळला की वजन घटतं आणि टोळीची मजुरी जाते. आप्पांचं मन राखायला त्या माणसांनी किती ताटकळायचं? दुसऱ्या दिवशी सामाईक फाइल उघडली. महालिंगचा नंबर पुसला, माझा लिहिला, स्क्रिप्ट चालवल्या, तयार प्रोग्रॅम काट्याकाट्यावर पाठवून दिले. एकेक कारखाना मुकाट्यानं नवा नंबर उचलत गेला. देवाशपथ सांगते, तेव्हा वाटलं, जुनी पद्धत असती तर एखादी स्क्रिप्ट राहून गेली असती... कुठल्यातरी एका काट्यावर तो अजून असता. पण मेल्यानं काम असं पक्कं करून ठेवलेलं, की एकही सुटली नाही.

दोन-तीन दिवसांनी माझा फोन वाजला. पडद्यावर नाव, महालिंग. मला उचलवेना. शेवटी उचलला. आप्पा होते.

"पोरी, कालधरनं एक बी फोन न्हाई. समदे काटे नीट चालू हायेत ना?"

"चालू आहेत, आप्पा."

"कुटं बी अडचण न्हाई?"

"नाही."

आप्पा म्हणाले, "म्हंजी पोरानं काम नीट करून ठिवलं म्हनायचं."

मी हो म्हणाले.