आठ हातांची खिडकी

आमचे हे एका मोठ्या दवाखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला आहेत. तिथे एकच मोठं यंत्र आहे आणि त्याच्याच पोटात नोंदणीचा, तपासणीचा, औषधांचा असे सहा कॉम्प्युटर मांडलेत. प्रत्येकाला वाटतं, आपला संसार वेगळा. खरं तर काम करणारे हात, म्हणजे प्रोसेसर, सगळ्यांत मिळून सोळाच. कोणाला कधी द्यायचे ते मोठं यंत्र ठरवतं.

ह्यांचा स्वभाव असा, की कोणी कुरकुरलं की देऊन मोकळे. नोंदणीच्या खिडकीवरच्या ताई म्हणायच्या, "दादा, अक्षर दाबावं, चहा पिऊन यावं, तेव्हा उमटतं!" की ह्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरला दोन हात वाढवलेच. दोनाचे आठ झाले, तशी गाडी आणखीच ढिम्म. रांगेतले लोक "बोटं हलवा की!" म्हणून ताईंवरच खेकसायचे. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, "बोटं चालत नाहीत त्यांची. सोमवारपासून गोदामात बसवा."

बावीस वर्षं त्या खिडकीवर काढली होती बाईंनी. हे ऐकून ह्यांना जेवण जाईना.

शुक्रवारी दुपारी मीच डबा घेऊन गेले. कॅन्टीनमध्ये आम्हाला दोन खुर्च्या लगेच मिळाल्या. दारात मात्र आठ जणांचं कुटुंब ताटकळलेलं, कारण बसायचं ते सगळ्यांनी एकदमच. दोन खुर्च्या रिकाम्या होत, चार होत. आठ काही होईनात.

मी म्हटलं, "दोघं-दोघं बसले असते तर एव्हाना हातसुद्धा धुऊन झाले असते."

ह्यांचा घास हातातच राहिला. उठलेच!

यंत्राच्या नोंदी काढून बघितल्या तर तेच. आठ हात एकदम मोकळे होईपर्यंत ताईंचा कॉम्प्युटर ताटकळत होता, आणि काम जेमतेम दोन हातांचं. खिडकी जेवणासाठी बंद होती, तेवढ्यात ह्यांनी आठाचे दोन केले.

ताईंनी नाव टाइप केलं. बोटाखाली अक्षर!

"अगंबाई! नवीन यंत्र आणलंत?"

"नाही हो ताई. दिलेलं काढून घेतलं."

गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण गोदामाचा हुकूम निघालेला. हे थेट साहेबांकडे गेले. "बोटं त्यांची बरी आहेत. चूक माझी, चार महिन्यांची."

"लिहून द्या," साहेब म्हणाले. ह्यांनी लिहून दिलं. तो कागद ह्यांच्याच नोकरीच्या फायलीत लागला. एवढ्यावरच भागू दे, म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

सोमवारी ताई खिडकीवरच होत्या. ह्यांना बघून कडाडल्या, "आधी नाही सांगायचं? चार महिने मी रोज सकाळी बोटांना तेल चोळतेय!"