पहिली मिरची पेरणाऱ्याची

आम्ही चंदीगडची मराठी मंडळी कुठल्याही निमित्तानं जमलो, तरी गप्पा फिरून फिरून मिरचीवर येतात. कुणाची बदली झाली, कुणाचा मुलगा अमेरिकेला गेला, एवढं बोलून होतं न होतं तोच कुणीतरी म्हणतं, "ते बापटांच्या मिरचीचं सांगा ना!" आणि मग एकातून एक निघत जातं. असे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. सुकलेल्या मिरचीतून बी गळावं तसे ते आपोआप गळतात, आणि कुठेही रुजतात.

बी मात्र रुजत नसे. खरं दुखणं तेच होतं.

आम्हाला ठेचा लागायचा आणि सेक्टर बावीसच्या बाजारातली मिरची म्हणजे काकडीची मावसबहीण. म्हणून गावाकडून बी आणायचं आणि घरी लावायचं. पण इथला जून म्हणजे भट्टी, त्यात मिरचीचा फुलोरा गळतो. म्हणजे त्याआधी झाडं मोठी व्हायला हवीत, म्हणजे जानेवारीतच बी पेरायला हवं. आणि जानेवारीत इथे असं धुकं, की सूर्य दिसला तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात! मिरचीच्या बीला लागते ऊब. ती आणायची कुठून?

मी पेशानं भूलतज्ज्ञ, इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. झोपलेल्या माणसाकडे टक लावून बसायचं आणि तो जागा होईपर्यंत स्वतःचा जीव टांगून ठेवायचा, हा माझा धंदा. घरी आलो की तोच धंदा बियांच्या ट्रेसमोर. हलतंय का काही? मेलं तर नसेल? उकरून बघू का जरासं?

सातव्या दिवशी माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, एकदाचा स्टेथोस्कोप तरी लावा त्या मातीला!"

*

उबेसाठी पहिली जागा आम्ही शोधली ती टीव्हीची. तेव्हा परदेशी कंपन्यांचे मोठे रंगीत टीव्ही नुकतेच बाजारात आले होते. आमचा नवाकोरा, मागे भलंमोठं कुबड असलेला. चालू असला की वरून छान कोमट व्हायचा. ट्रे त्याच्यावर ठेवला.

आता टीव्ही बंद झाला की ऊब बंद! हे आमच्या मीराच्या बरोबर लक्षात आलं. ती तेव्हा पाचवीत. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं.

"मीरा, पुरे झालं. बंद कर आणि अभ्यासाला बस."

"पापा, बंद मत करो! बीज मर जाएंगे!"

त्या महिन्यात केबलवर जे जे लागलं ते ते आमच्या घरात बघितलं गेलं. मग एके दिवशी ट्रे जरा पाझरला, आतून 'फट्' असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. मेकॅनिक आला. त्यानं मागचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला.

मग म्हणाला, "डॉक्टर साब, इसमें तो खेती हो रखी है!"

आत सांडलेल्या मातीत दोन कोंब आले होते. ट्रेमध्ये एकही नव्हता.

*

हे ऐकून बापटांना हसू आवरेना. बापट आमच्याच हॉस्पिटलात, जंतुशास्त्राच्या विभागात. मूळचे पुण्याचे, त्यामुळे दुसऱ्याची चूक त्यांना लगेच दिसते. "तुम्ही क्लिनिकलवाले! तापमान म्हणजे शास्त्र आहे. आमच्याकडे जंतू वाढवायचे इनक्युबेटर पडलेत, मिरची काय चीज आहे?"

त्यांनी ओल्या टिपकागदात बी गुंडाळलं, काचेच्या बशीत ठेवलं, बशीवर स्वतःच्या हातानं नाव घातलं आणि बशी इनक्युबेटरमध्ये सरकवली. मग परिषदेसाठी हैदराबादला गेले. रोज एसटीडी बूथवरून बायकोला फोन, पण बायकोला काय माहीत इनक्युबेटरमध्ये काय चाललंय!

परत आले तर बशी नाही. टेबलावर नेहमीसारखा छापील रिपोर्ट: रुग्णाचं नाव बापट, अठ्ठेचाळीस तासांनंतर कोणतीही वाढ नाही. आणि वाढ नसलेल्या बश्यांचं जे करतात तेच नियमाप्रमाणे झालं होतं. दाबाखालच्या वाफेत उकळून निर्जंतुक!

बापट घरी आले आणि बायकोला म्हणाले, "शिजली." एवढंच. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

*

आता जाधवांकडे येतो, कारण त्यांच्यावाचून हे पुराण पुढे सरकत नाही. मेजर जाधव छावणीत राहायचे. माणूस कागलचा, आवाज असा की दोन खोल्या पलीकडचा पेशंट भुलीतून जागा व्हावा. त्यांची बायको उज्ज्वला गडहिंग्लजकडची. शाळेत शिकवायची, आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायची. मिरचीचा विषय निघाला की मात्र एकदम गावाकडचं. तिच्या माहेरची मिरची बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठी, टोकाला वाकडी, आणि अशी जहाल की चिरल्यावर सुनंदा संध्याकाळपर्यंत डोळ्याला हात लावायची नाही. पण उज्ज्वलाच्या भावानं त्या वावरात ऊस लावला होता. म्हणजे ते बी आता फक्त उज्ज्वलाच्या एका छोट्या डबीत होतं.

जाधवांनी आमच्या कंपूत फौजी शिस्त आणली. बदली होऊन जाणाऱ्यानं झाडांचा चार्ज रीतसर दुसऱ्याला द्यायचा. आणि नियम एक: पहिली मिरची पेरणाऱ्याची. ती त्यानं सगळ्यांसमोर कच्ची खायची, तोवर झाडाला कुणी हात लावायचा नाही.

त्या वर्षी आम्ही उज्ज्वलाचंच बी, टीव्हीऐवजी फ्रिजच्या उबेवर रुजवून, आमच्या मागच्या अंगणात लावलं होतं. आमचे घरमालक गिलसाहेब, रिटायर्ड इंजिनिअर, पहिल्या मिरचीच्या समारंभाला आले. मी खाल्ली आणि बोलायचा थांबलो. गिलसाहेब हसले. "डॉक्टर साहब, असी पंजाबी हां!" म्हणजे, आम्ही पंजाबी, आम्हाला काय होतंय! आणि त्यांनी एक अख्खी तोंडात टाकली.

पगडी घातलेला माणूस अंगणातल्या नळाखाली तोंड धरून बसलेला मी प्रथमच बघत होतो. आतून त्यांच्या सरदारनी लस्सीचा जग घेऊन धावत आल्या. उज्ज्वलानं त्याच झाडाची एक तोडून शेंगदाण्यासारखी चावून खाल्ली.

सुनंदानं विचारलं, "कशी आहे गं?"

"बरी हाय की," उज्ज्वला म्हणाली. "जिभेला कळली."

तिच्या तोंडून कुठल्याही मिरचीला 'तिखट' हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. जाधव म्हणायचे, "आमच्या लग्नात हिनं मलापण 'बरा हाय की' म्हणूनच पसंत केलं!"

*

गिलसाहेबांनी सूड घेतला, पण नकळत. त्यांनी भिंतीलगत शिमला मिरची लावली. दोन हातांवर आमची झाडं. मधमाश्यांना घरमालक कोण आणि भाडेकरू कोण हे काय कळतंय! त्यांनी तिकडचे पराग इकडे आणले. आम्ही बी धरलं, पुढच्या जानेवारीत मोठ्या काळजीनं रुजवलं, पुन्हा फ्रिजवरच. रोपं झकास आली. पानं तशीच, फुलं तशीच. आणि मे महिन्यात मिरच्या धरल्या त्या गोल गरगरीत, गुबगुबीत, चवीला गवत!

गिलसाहेब एक खात खूश होऊन म्हणाले, "अब बनी ना शरीफ़ मिर्च!"

मला मात्र हसू येईना. आमचं बी बिघडलं, बापटांनी आमच्याकडूनच नेलेलं, म्हणजे त्यांचंही बिघडलं. शुद्ध उरलं ते फक्त जाधवांच्या घरी. पुढच्या जानेवारीत उज्ज्वलानं डबी उपडी केली आणि तिघांत वाटून टाकली. "वाटलं की वाढतं," म्हणाली. बी असं सगळंच्या सगळं मातीत घालतं का कुणी?

एप्रिलमध्ये गारा पडल्या. आमची आणि बापटांची रोपं चटणी झाली. जाधवांच्या कुंड्या व्हरांड्यात होत्या, त्या वाचल्या. जगात आता तेवढीच झाडं.

*

मे महिन्यात वर डोंगरात लढाई सुरू झाली आणि जाधवांच्या पलटणीला हुकूम आला. निघायच्या सकाळी आम्ही गेलो होतो. ट्रंक भरलेली, जीप दारात. हा माणूस व्हरांड्यात झाडांना पाणी घालत होता.

"डॉक्टर, चार्ज हिच्याकडं दिलाय," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, "पहिली मिरची माझी. मी आल्याबिगर तोडायची न्हाई."

"न्हाई तोडत," उज्ज्वला म्हणाली.

बस्स. एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून ती झाडं झाडं राहिली नाहीत. आम्ही कुणी तसं बोललो नाही. उज्ज्वलाकडे गेलो की तिच्या चेहऱ्याआधी कुंड्यांकडे बघायचो, एवढंच. घरात बातम्यांचं चॅनल लागलं की मीरा येऊन गपचूप टीव्ही बंद करायची. तीच मीरा!

जूनमध्ये उज्ज्वलाच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि तिला गडहिंग्लजला जावं लागलं. कुंड्या आमच्या अंगणात आल्या. ती जाताना एकच वाक्य बोलली, "भाऊजी, यांचं काय ते तुम्ही बघा." 'यांचं' म्हणजे कुणाचं, ते मी विचारलं नाही.

आणि त्याच आठवड्यात पानं आक्रसायला लागली. चुरडा-मुरडा! मिरचीला हा रोग लागला की पानं मुठीसारखी मिटतात आणि झाड संपतं. मी बापटांना बोलावलं. मग दोन डॉक्टर आणि एक पेशंट झाल्यावर जे होतं ते झालं. मी म्हणे ताक, ते म्हणे कडुलिंब. मी म्हणे सावली, ते म्हणे ऊन. विद्यापीठातल्या एका शेतीवाल्या प्राध्यापकांनी लांबूनच मान हलवली. शेवटचं झाड गेलं तेव्हा बापट कुंडीशी उकिडवे बसले होते. हा माणूस रोज मायक्रोस्कोपखाली काय काय बघतो, पण त्यांचा चष्मा ओला झाला होता.

जाधवांचं पत्र येऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते.

सुनंदा बाहेर आली. पदर खोचला आणि म्हणाली, "गाडी काढा."

पिंजौरच्या रस्त्याला एक नर्सरी होती. आमची मारुती, मागे बापट मांडीवर कुंडी घेऊन, पुढे सुनंदा. नर्सरीवाल्याला मी विचारलं, "तीखी है ना?"

"जी, पक्का! आँसू आ जाएंगे!"

तीच उंची, तशीच कळ्या धरलेली रोपं बघून घेतली, जुन्या कुंड्यांत लावली, जाधवांनी काठ्यांना बांधलेले सुतळीचे तुकडेसुद्धा पुन्हा तसेच बांधले. एक रोप उरलं ते आमच्या अंगणात लावलं.

उज्ज्वला परत आली. कुंड्यांसमोर उभी राहिली. एक पान उलटं करून बघितलं. माझ्या छातीत जे काही ठोकत होतं ते माझ्या पेशंटच्या छातीत ठोकत असतं, तर मी सर्जनला हात थांबवायला सांगितलं असतं.

"वाढली की," ती म्हणाली, आणि कुंड्या घरी घेऊन गेली.

*

पावसाळा सरता सरता आमच्या अंगणातल्या त्या उरलेल्या झाडाला मिरच्या आल्या. मी एक खाल्ली. दुसरी खाल्ली. चार खाल्ल्या. फिक्क्या! दुधात कालवून बाळाला द्याव्यात इतक्या फिक्क्या! बापटांना फोन केला, तर ते तसेच धावत आले आणि त्यांनीही दोन खाऊन बघितल्या.

उज्ज्वलाच्या व्हरांड्यात तर मिरच्यांनी झाडं वाकली होती. हिरव्याच्या लाल झाल्या, लालच्या सुरकुतल्या. तिनं एकीला हात लावला नव्हता.

आणि दिवाळीच्या सुमारास जाधव आले. दहा किलोनी उतरलेले, एका कानानं कमी ऐकू येणारे. तो आवाज कुठेतरी राहून गेला होता. आम्ही सगळे जमलो. चहा झाला, चिवडा झाला. त्यांच्या तुकडीतल्या परत न आलेल्यांचा विषय कुणी काढला नाही.

मग ते उठले आणि व्हरांड्यात गेले. "चला. पहिली मिरची."

बापटांनी माझा दंड धरला. सुनंदा भिंतीकडे बघत होती. जाधवांनी एक लालभडक मिरची तोडली, शर्टाला पुसली आणि अर्धी चावली.

चावत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आयुष्यभर तेच करत आलोय. आधी काही नाही. मग हनुवटी थरथरली. मग डोळे भरले, आणि वाहायलाच लागले. नाक, गाल, मिशा, सगळं ओलं. एवढा मोठा माणूस व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभा आणि हुंदक्यामागून हुंदका.

"तिखट हाय," ते म्हणाले. "आईशप्पत, लई तिखट हाय."

उज्ज्वला पुढे गेली. त्यांच्या हातातली उरलेली अर्धी मिरची घेतली, तोंडात टाकली आणि सावकाश चावून गिळली.

"व्हय," ती म्हणाली. "लई तिखट हाय. ह्येचंच बी धरूया यंदा."