कॅलिबरमामांची एकच रायफल

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी कॅलिबरमामा एकच प्रश्न विचारत, "हिच्यात दोन कामं होतील का?" कोट घ्यायचा तर तो लग्नालाही चालला पाहिजे आणि फ्युनरललाही. गाडी घ्यायची तर तिच्यात इथल्या मराठी मंडळाचा गणपतीही बसला पाहिजे आणि बागेतला कचराही. या नियमावर त्यांचा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतला संसार उत्तम चालला. फक्त रायफलीच्या बाबतीत या नियमानेच मामांचा घात केला.

मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. नोकरीसाठी मी इथे आलो तेव्हा सुरुवातीला त्यांच्याकडेच राहिलो. कारखान्याच्या टूलरूममध्ये उभा जन्म गेलेला माणूस. शाळेत एन.सी.सी.मध्ये लागलेलं नेमबाजीचं वेड इथल्या रायफल क्लबात जाऊन भागवायचे. रविवारी क्लबाची रायफल घ्यायची, चटईवर पालथं पडून कागदी टार्गेटवर गोळ्या मारायच्या आणि घरी येऊन मटणावर ताव मारायचा. पण त्यांना स्वतःची रायफल हवी होती, आणि ती एकच हवी होती. रविवारी रेंजवर चालेल आणि ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या डोंगरावर हरणाच्या शिकारीलाही चालेल, अशी. तिचं कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, कोणतं असावं याचा त्यांनी इतकी वर्षं काथ्याकूट केला की मंडळाने त्यांना हे नावच देऊन टाकलं.

जेवताना विषय निघायचाच. "हे बघ, टू-फोर-थ्री गोड आहे. खांद्याला धक्का नाही. पण गोळी हलकी, लांबच्या टार्गेटवर वारा तिला ढकलतो. रेंजवर खूप मारली की बॅरलही लवकर झिजते. थ्री-नॉट-एटच्या गोळ्या कुठेही मिळतात, बॅरल टिकते, मोठं हरीणही पडतं. पण धक्का देते, आणि लांबवर गोळी फार खाली येते. सिक्स-पॉइंट-फाइव्ह बरी दोन्हीच्या मधली. पण..."

या 'पण'वर मामी ताटं उचलायला यायची. "मला बघायला आले तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणाले होते," ती म्हणायची. "तेव्हा नाही कुठे असा अभ्यास केला!"

गंमत म्हणजे क्लबात कोणी नवा आला आणि त्याने विचारलं, की मामा क्षणाचाही विचार करत नसत. "रेंज आणि हरीण दोन्ही? थ्री-नॉट-एट घे, हलकी गोळी वापर, आणि सराव कर." तो बिचारा ऐकून महिन्या-दोन महिन्यांत परवान्याच्या मागे लागायचा. लोकासांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

रायफलीचा पत्ता नसला तरी तिचं कपाट मात्र तयार होतं. जिन्याखालच्या जागेत मामांनी ते पोलादी कपाट स्वतः बोल्ट मारून भिंतीत पक्कं बसवलं होतं. रिकामं कपाट बघवेना म्हणून मामीने त्यात पूजेची चांदीची भांडी ठेवली. गणपतीत समई हवी असली की मामा किल्ली घेऊन ऐटीत जिन्याखाली शिरत.

ऑक्टोबरातल्या त्या डोंगराचं आमंत्रण डेरेकचं. डेरेक टूलरूममधला मामांचा जोडीदार. त्याचा मेहुणा स्कॉटलंडला शिकारीच्या रानावर रखवालदार होता. दरवर्षी डेरेक म्हणायचा, "जस्ट गेट अ थ्री-ओ-एट, मेट, अँड कम." मामांचं उत्तर ठरलेलं, "नेक्स्ट ऑक्टोबर, शुअर." मेहुण्याकडची रायफल वापर, असंही त्याने सांगून पाहिलं. पण पहिलं हरीण उसन्या बंदुकीने मारायचं नाही, हा मामांचा हट्ट.

डेरेककडे बंदुकांनी भरलेलं कपाट होतं. तुम्हीही दोन का घेत नाही, असं मी एकदा मामांना विचारलं. ते पहिल्यांदाच आवाज खाली आणून बोलले. "अरे, इथे प्रत्येक रायफलीचं कारण पोलिसांना पटवावं लागतं. डेरेकचं ठीक आहे. मी दोन मागितल्या तर ते म्हणतील, या माणसाला एवढ्या बंदुका कशाला? आपण बाहेरून आलेली माणसं. एकच मागावी, आणि कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये अशी मागावी." इतक्या वर्षांचा तो अभ्यास म्हणजे नुसती हौस नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं, आणि फार वाईट वाटलं.

मग डेरेकचे गुडघे गेले. "धिस इज माय लास्ट वन," असं म्हणून तो त्या ऑक्टोबरात मामांना न्यायला दारात आला. मामांचं सिक्स-पॉइंट-फाइव्हवर जवळजवळ ठरलं होतं, फक्त बॅरलची लांबी बाकी होती. ते गेले नाहीत. पुढच्या वसंतात डेरेक हृदयविकाराने गेला. त्याच्या फ्युनरलला मामा तोच दोन कामांचा कोट घालून गेले, आणि आठवड्याभरात त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. थ्री-नॉट-एटचा.

चौकशीला पोलिसांचा अधिकारी घरी आला. मामीने चहा-चिवडा दिला. मामांनी वर्षानुवर्षं तयार केलेलं उत्तर सुरू केलं, तर दोन वाक्यांतच तो म्हणाला, "दॅट्स फाइन, सर. कारण योग्य असेल तर दोन मागितल्या असत्या तरी चाललं असतं." मामा मला हे सांगताना हसत होते.

रायफल आली. चांदीची भांडी स्वयंपाकघरात गेली. रेंजवर ती मामांच्या मनासारखी चालली. ऑक्टोबरात डेरेकच्या मेहुण्याचा फोन आला, खोली तयार आहे म्हणून. मामा गेले नाहीत. "कॅलिबर चुकलं असतं तर बदलता आलं असतं रे," ते म्हणाले. "आता डोंगरावर जाऊन कोणाला दाखवू?"

गेल्या हिवाळ्यात मामाही गेले. मामीकडे परवाना नाही, म्हणून बंदुकांचा दुकानदार रायफल न्यायला आला. त्याने ती उजेडात धरून बॅरलमधून पाहिलं आणि मान डोलावली. रेंजला म्हणा, हरणाला म्हणा, अगदी योग्य निवड, असं तो म्हणाला. मग त्याने मामीला विचारलं, मिस्टर शिकारीला खूप जायचे का?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आयुष्यभर मामांच्या प्रत्येक बढाईला टाचणी लावणारी मामी माझ्याआधी बोलली.

"येस. एव्हरी ऑक्टोबर. विथ हिज फ्रेंड."

दुकानदाराने दस्त्यावरून हात फिरवला. डोंगरावर नेलेल्या रायफलीवर ओरखडे असतात म्हणे. हिच्यावर एकही नव्हता. त्याने नवलाने मामीकडे पाहिलं.

"ही वॉज अ व्हेरी केअरफुल मॅन," मामी म्हणाली, आणि जिन्याखालचं रिकामं कपाट बंद करायला आत गेली.