दहा रुपयांची पर्ची

विद्यापीठाच्या त्या दवाखान्याबद्दल मला आजही एक चांगला शब्द सुचत नाही. जयपुरात विद्यापीठं काही एकच नाही, तेव्हा कुठलं ते सांगत बसत नाही. मुलींच्या होस्टेलमागे पिवळी बैठी इमारत, दारात कडुलिंब आणि कडुलिंबाखाली कायम झोपलेलं एक कुत्रं. त्या आवारात सगळ्यात सज्जन तेच होतं.

आत गेलं की आधी खिडकी, आणि खिडकीमागे बाबूजी. तिकडे कारकुनाला बाबूजी म्हणतात, आणि तो 'जी' ऐकून ऐकून डोक्यात जातो. दहा रुपये दिले की तो पर्ची फाडायचा. पर्ची म्हणजे आपला केसपेपर. तिच्यावर नंबर घालायचा, तोच नंबर रजिस्टरात चढवायचा, आणि मग डॉक्टर. रक्त तपासायचं असेल तर परत खिडकी, परत पंचवीस रुपये. ताप असो, जुलाब असोत, माणूस भिंतीला धरून उभा असो, आधी सुट्टे काढा. सुट्टे नसले तर हा खिडकी लावून घ्यायचा आणि आतून चहा पिताना दिसायचा.

मी कोल्हापूरची. बाबा विमा कंपनीत अधिकारी, त्यांच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो आणि मानसरोवर कॉलनीत चार वर्षं राहिलो. पुढे त्यांची भोपाळला बदली झाली तेव्हा माझं एम.ए. अर्ध्यात होतं, म्हणून मी होस्टेलला गेले. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. नाकावर राग आणि जिभेला हाड नाही, असं आई माझं वर्णन येईल त्याच्यापाशी करायची, आणि ते खोटं नव्हतं. बाबांची एक सवय मात्र मी उचलली होती. छापील कागद हातात आला की त्याची मागची बाजूसुद्धा वाचायची.

माझी रूममेट बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, झुंझुनूकडच्या एका गावातली. तिच्या घरात दहावीपुढे शिकलेली ती पहिलीच मुलगी. लग्न ठरलेलं होतं, सासरचे थांबले होते, आणि वडिलांनी एकच अट घातली होती: पास होत राहशील तोवर शीक, एक वर्ष गेलं की घरी. हे ती मला पहिल्याच आठवड्यात सांगून बसली होती. ती मला दीदी म्हणायची, माझा डबा घासून ठेवायची, आणि मी कुणावर डाफरले की खाली बघायची.

दिवाळीनंतर तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. मी म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, दीदी, घरी गेले तर परत पाठवणार नाहीत. तिचं म्हणणं बरोबर होतं. मेसमधून बिनतेलाची खिचडी मागून आणायची, बाहेरून उसाचा रस आणायचा आणि दर आठवड्याला तिला दवाखान्यात न्यायचं, हे माझं काम झालं. पहिल्या खेपेला तिने रुमालाची गाठ सोडून पस्तीस रुपये मोजले. तिला महिन्याला घरून किती यायचे ते मला माहीत होतं. माझं डोकं तिथेच फिरायला लागलं.

त्या दिवशी मी खोलीवर येऊन फीची पावती काढली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात, ग्रंथालय आणि क्रीडा यांच्या मध्ये, 'चिकित्सा शुल्क' होतं. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच हे लोक दवाखान्याचे पैसे कापून घेत होते आणि वर खिडकीवर परत घेत होते. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. भांडणाला इतकं भक्कम कारण आयुष्यात क्वचित मिळतं.

पुढच्या आठवड्यात ती बाकावर बसली आणि मी खिडकीवर पावती आपटली. बाबूजी म्हणाला, ते पैसे इमारतीचे आणि डॉक्टरांचे, हे पर्चीचे. मी म्हटलं, मग पर्ची काय चांदीच्या पत्र्याची आहे का? रांगेतल्या पोरी हसल्या. त्याचा चेहरा पडला आणि मला आणखी जोर चढला. लुटारू म्हटलं, भीक मागायची तर देवळापुढे बसा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं जे इथे लिहीत नाही. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. कंत्राटावरचे तरुण डॉक्टर, बिचारे कंटाळलेले. त्यांनी हात जोडले आणि बाबूजीला म्हणाले, ''इनसे मत लीजिए, जाने दीजिए.''

मी जिंकले. त्यानंतर सहा आठवडे आम्ही एक पैसा दिला नाही. आम्ही दिसलो की बाबूजी पर्चीचं पुस्तक मिटायचा आणि म्हणायचा, ''जाइए मैडम, आपका तो माफ़ है.'' डॉक्टर साध्या कोऱ्या कागदावर औषधं लिहून द्यायचे, रक्ताचा आकडाही त्यावरच. एकदा माझी रूममेट हळूच म्हणाली, दीदी, पर्ची घेऊन टाकूया का, दहाच रुपये तर आहेत. मी तिला झापलं. म्हटलं, आज पर्ची मागितलीस तर उद्या तो सगळे मागचे वसूल करेल, आणि तत्त्व म्हणून काही असतं की नाही? तिने खाली बघितलं.

जानेवारीअखेर ती बरी झाली आणि फेब्रुवारीत विभागाच्या फलकावर यादी लागली. पंचाहत्तर टक्के हजेरी न भरलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. आजारपण असेल तर विद्यापीठाच्या दवाखान्याचा दाखला शनिवारपर्यंत आणून द्यावा. यादीत तिचं नाव होतं. ती घाबरली आणि मी हसले. म्हटलं, दाखला काय, सहा आठवडे आपण तिथेच पडीक होतो.

बुधवारी आम्ही गेलो. बाबूजीने रजिस्टर काढलं, बोट फिरवलं, पहिल्या भेटीची एक नोंद सापडली. एकाच दिवसाची. पुढचं कोरं. मी कोरे कागद पुढे केले. त्याने ते चिमटीत धरून परत दिले. यावर नंबर कुठे आहे? पर्ची नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर कुणी आजारी पडलंच नव्हतं. हे तो शांतपणे सांगत होता, आवाज न चढवता. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. ते डॉक्टर कंत्राट संपून गेले होते. मी म्हटलं, सगळे पैसे आत्ता देते, दुप्पट देते. तो म्हणाला, मागच्या तारखेची पर्ची फाडली तर माझी नोकरी जाईल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि मी कोण, तर विमा अधिकाऱ्याची मुलगी. बिलाशिवाय क्लेम नाही, हे वाक्य ऐकत मी मोठी झाले होते. बाबा जेवतानासुद्धा लोकांचे किस्से सांगायचे, अमक्याचं ऑपरेशन खरं होतं हो, पण पावतीच घेतली नाही. मागची बाजू वाचायला मी त्यांच्याकडून शिकले आणि पुढची बाजू हातात ठेवायला शिकले नाही.

रूममेटला मी वर्गात पाठवलं आणि गुरुवारी एकटीच दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना भेटले. बाई बऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, पर्ची का फाडली गेली नाही याचं कारण बाबूजींनी लेखी दिलं तर मी जुन्या कागदांवरून दाखला देईन. मी बाबूजीकडे आले. त्याने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला, कोरा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. आधी तुम्ही लिहा, म्हणाला. लिहा की मी खिडकीवर दंगा केला, शुल्क द्यायला नकार दिला, म्हणून पर्ची फाडता आली नाही, आणि माझ्या वागणुकीबद्दल मी क्षमा मागते. खाली सही. मी लगेच माझी टीप जोडतो.

आता बघा, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. दंगा मी केला होता. नकार मी दिला होता. पण क्षमा? त्या माणसाची? दंगा केला म्हणे. मी माझा हक्क मागितला होता. मी त्याच्या देखत कागदाचे चार तुकडे केले आणि त्याच्या खिडकीत ठेवून आले.

खोलीवर ती वाट बघत होती. काय झालं, दीदी? मी म्हटलं, काम चालू आहे, होईल. त्या कागदाबद्दल मी तिला सांगितलं नाही. मनात म्हटलं, शनिवार म्हणजे काही खराखुरा शनिवार नव्हे. या विद्यापीठात फॉर्मची तारीख तीनदा वाढते, निकाल महिनाभर लांबतो, इथे कुठली तारीख कधी पाळली गेली आहे? सोमवारी दुसरा काहीतरी मार्ग काढू. शुक्रवारी मी दवाखान्याच्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही.

शनिवारी दुपारी मानसरोवरात एका बँकेतल्या साहेबांच्या घरी हळदीकुंकू होतं. रथसप्तमी जवळ आली होती, आमच्या आईच्या जुन्या मैत्रिणी सगळ्या जमल्या होत्या. मला आग्रहाने बोलावलं होतं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या, तिळाच्या वड्या होत्या, आणि माझ्याकडे किस्सा होता. मी बाबूजीची नक्कल केली. गालातलं पान फिरवणं, 'माफ़ है', कागद सरकवणं, आणि मग माझे ते चार तुकडे. काकवा पोट धरून हसल्या. एक जण म्हणाली, ''बाई गं, कोल्हापूरचं पाणीच वेगळं.'' मला ते फार आवडलं. म्हणून कागद फाडल्याचा भाग मी उशिरा आलेल्या दोघींना पुन्हा करून दाखवला.

सोमवारी सकाळी मला दुसरा मार्ग सापडला नव्हता. मी खिडकीवर गेले आणि म्हटलं, कागद द्या. बाबूजीने दिला. मी लिहिलं, जसं त्याने सांगितलं होतं तसं, क्षमेसकट. मला वाटलं होतं तो हसेल, काही टोमणा मारेल. त्याने ते वाचलं, खाली आपली टीप लिहिली, शिक्का मारला, तारीख घातली आणि स्वतः उठून डॉक्टरीणबाईंची सही आणून दिली. दहा मिनिटांचं काम होतं.

विभागात गेले तर तिथल्या कारकुनाने कागद हातातसुद्धा घेतला नाही. यादी शनिवारी चार वाजता परीक्षा विभागाकडे गेली होती. मी परीक्षा विभागात गेले, विभागप्रमुखांच्या दारात दोन तास उभी राहिले, ओरडले, मग रडलेसुद्धा. त्या विद्यापीठाने माझ्या माहितीत एकच तारीख पाळली आणि ती ही.

चार दिवसांनी तिचे वडील आले. रंगीत साफा, पायात जाड जोडे, हातात डालड्याच्या जुन्या डब्यात घरचं तूप. होस्टेलच्या फाटकाच्या आत पुरुषांना सोडत नसत, म्हणून आम्ही दोघींनी मिळून तिची ट्रंक बाहेर आणली. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती रडत नव्हती. वडील रागावलेलेही नव्हते. अट होती, ती मोडली, एवढंच. तिकडे मुलीला लाडाने बाई म्हणतात. ते म्हणाले, ''चल बाई, बस निकल जाएगी.''

मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात जोडले, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाने. मुलीने मला सगळं सांगितलंय, म्हणाले. तुम्ही तिची सेवा केलीत, तिच्यासाठी त्या लोकांशी भांडलात. परक्या गावात असं कोण करतं. तिने त्यांच्या शेजारून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, खरंच आहे म्हणून.

तो कागद माझ्या पर्समध्ये होता. त्यावर माझी सही होती, बाबूजीची टीप होती, शिक्का होता आणि सोमवारची तारीख होती. त्यांना हिंदी वाचता येत होतं. तिला तर येतच होतं. पर्सची चेन मी एका हाताने धरून ठेवली होती.

''जी, कुछ नहीं किया मैंने,'' मी म्हटलं. त्यांना तो माझा विनय वाटला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ट्रंक खांद्यावर घेतली आणि ती त्यांच्यामागे चालत गेली.